'स्टार कॉप्स': नऊ भागांत गुंडाळलेली अंतराळ-पोलिसांची मालिका

पार्श्वभूमी

६ जुलै १९८७ च्या सोमवारी बीबीसीच्या दुसऱ्या वाहिनीवर 'स्टार कॉप्स' सुरू झाली. आठवड्याला एक भाग. ३१ ऑगस्टला नववा भाग दाखवला आणि मालिका आटोपली. दुसरा हंगाम आलाच नाही. विज्ञानकथा आणि पोलिसी तपास हे दोन्ही ब्रिटिश प्रेक्षकांच्या घरातले प्रकार, लेखक दोन्हीत मुरलेला, प्रमुख भूमिकेत रंगभूमीवर तयार झालेला नट. इतकं सगळं हाताशी असताना मालिका पडली कशी, ते पाहायचं आहे.

लेखकाचं नाव ख्रिस बाउचर. सत्तरच्या दशकात त्यांनी 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या जुन्या विज्ञानमालिकेसाठी लिहिलं. त्यातली एक कथा तर वाळवंटात फिरणाऱ्या अजस्र खाणयंत्रावर, यंत्रमानवांच्या गराड्यात एकामागोमाग पडणाऱ्या खुनांची होती. पुढे 'ब्लेक्स सेव्हन' या अंतराळमालिकेचे ते पटकथा-संपादक झाले, आणि त्यानंतर 'बर्जरॅक' या पोलिसी मालिकेचे. म्हणजे यानात माणसं कशी बोलतील आणि चौकीत कशी बोलतील, दोन्ही त्यांना ठाऊक होतं. बाकीच्यांचा उल्लेख मी हुद्द्यानेच करणार आहे. निर्माता, दिग्दर्शक, वाहिनीचे अधिकारी यांच्या जागी दुसरी माणसं असती तरी त्याच खुर्च्यांवरून बहुधा तसेच निर्णय झाले असते, असं माझं मत आहे.

त्या काळात बीबीसीत विज्ञानकथेला दिवस बरे नव्हते. 'डॉक्टर हू'ला १९८५ मध्ये दीड वर्षाची सक्तीची विश्रांती दिली गेली होती. वरच्या मजल्यावर या प्रकाराबद्दल फारसं प्रेम उरलेलं नव्हतं, आणि अशा वेळी नवी, प्रौढ प्रेक्षकांसाठीची विज्ञानमालिका मंजूर होणं हेच मोठं होतं.

मूळ कल्पना

साल २०२७. पृथ्वीभोवती अंतराळस्थानकं फिरताहेत, चंद्रावर तळ आहे, मंगळावर वस्ती सुरू झाली आहे. माणसं कामाला जाऊन राहिली म्हणजे चोऱ्यामाऱ्याही तिथे पोचणारच. त्यासाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ पोलीस दल आहे, पण ते नावापुरतं: हौशी, अर्धवेळ, कुणी गंभीरपणे न घेणारं. त्यांना लोक 'स्टार कॉप्स' म्हणतात ते काही कौतुकाने नाही. या दलाचा प्रमुख म्हणून नेथन स्प्रिंग या इंग्लिश अधिकाऱ्याला पाठवलं जातं. त्याला जायचं नसतं. वरिष्ठानेच त्याचं नाव पुढे सरकवलेलं असतं.

पहिल्या भागातली कल्पना आजही दाद द्यावी अशी आहे. अंतराळात काम करणाऱ्यांचे पोशाख बिघडताहेत, माणसं मरताहेत. संगणक सांगतो की बिघाडाचं प्रमाण अपेक्षित मर्यादेतच आहे. शंभर पोशाखांत इतके बिघडणार हे आधीच गृहीत धरलेलं, म्हणून चौकशी नाही. स्प्रिंगला वेगळीच शंका येते. किती मृत्यू 'खपून जातात' हे ज्याला माहीत आहे, त्याने तेवढेच खून केले तर? आकडा हलणार नाही, धोक्याची घंटा वाजणार नाही. खुनी लपलाय तो सरासरीत. पोलिसी कथेसाठी ही लपण्याची जागा नवी होती, आणि ती फक्त यंत्रांवर विसंबलेल्या जगातच सापडू शकते. प्रक्षेपण सुरू होतं तेच दोन मृत्यू आलटून पालटून दाखवत: खाली पृथ्वीवर तळ्यात पोहणाऱ्याला कोणीतरी पाण्याखाली ओढतंय, वर पोकळीत एकाचा श्वास संपतोय. गुन्हा एकच जातीचा आहे हे एकही शब्द न बोलता सांगितलेलं.

दुसऱ्या भागात एक मालवाहू यान भरकटतं. आत दोघे जण धडधाकट आहेत, रेडिओवर बोलताहेत. पण हवा संपण्याआधी त्यांच्यापर्यंत कुणी पोचू शकत नाही. हिशोबाने ते मेलेलेच आहेत. पोलिसांना खुनाचा तपास करायचा आहे आणि ज्यांचा खून झालाय त्यांचीच साक्ष घेता येते! अशी परिस्थिती मुंबई-पुण्यातल्या किंवा लंडनमधल्या कुठल्याही पोलिसाच्या वाट्याला येणार नाही. अंतराळाचं भौतिकशास्त्र इथे कथेचा कणा आहे.

आणि स्प्रिंगच्या खिशातला 'बॉक्स'. हातात मावेल असं बोलकं यंत्र, विचारलं की माहिती शोधून देणारं, मालकाशी जरा आगाऊपणे बोलणारं. त्याचा आवाजही स्प्रिंगचं काम करणाऱ्या डेव्हिड कॉल्डर यांचाच. १९८७ मध्ये ही गंमत होती. आज ती सगळ्यांच्या खिशात आहे आणि मालिकेतलं २०२७ आपल्या दारात आलंय.

अडचण

अडचण पैशाची होती असं सहसा सांगितलं जातं. पैसा कमी होताच. स्टुडिओत व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रण, तारांना लटकलेले नट, खिडकीबाहेर नंतर चिकटवलेलं आकाश. स्थानकातलं वजनरहित दृश्य चालू असताना नटाचं अर्धं लक्ष संवादाकडे आणि अर्धं स्वतःचे पाय कुठे तरंगताहेत याकडे असल्याचं स्पष्ट दिसतं. खांदे आखडलेले, मान ताठ. थोडा वेळ हसू येतं, मग सवय होते. बीबीसीच्या प्रेक्षकाला पुठ्ठ्याच्या भिंतींची सवय होतीच, त्याने त्याहून भंगार नेपथ्य वर्षानुवर्षं प्रेमाने पाहिलं होतं.

खरी अडचण अशी की ही मालिका नेमकी कुणाची, हे ठरलंच नव्हतं. विज्ञानकथेचा प्रेक्षक लेसर आणि परग्रहवासी शोधत आला, त्याला इथे कागदपत्रं, कंत्राटं आणि देशादेशांतली कुरबुर मिळाली. पोलिसी मालिकेचा प्रेक्षक नाव आणि अंतराळपोशाख पाहूनच दुसरीकडे वळला. लेखकाच्या मनात कोरडी, उपरोधिक, मोठ्यांसाठीची तपासकथा होती. बाहेरचं वेष्टण काही वेगळंच सांगत होतं.

समोरचे पर्याय

पहिला निर्णय माध्यमाचा. बाउचर यांच्या डोक्यात ही कल्पना आधी रेडिओसाठी होती. तिथे वजनरहित अवस्था फुकट मिळते. श्वासाचा आवाज, शिरस्त्राणातला खरखरणारा संवाद आणि मध्ये शांतता, एवढ्यावर चंद्र उभा राहतो. भरकटलेल्या यानातल्या दोघांची गोष्ट तर मुळात ऐकण्याचीच आहे. दूरचित्रवाणीवर आलं की प्रेक्षकवर्ग मोठा, मानधन चांगलं, नाव मोठं. पण दाखवायची प्रत्येक गोष्ट विकत घ्यावी लागते. कुठल्याही लेखकाने दूरचित्रवाणीच निवडली असती, आणि तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चूक त्यानंतरची आहे. माध्यम बदललं, संहितेची रचना त्या मानाने बदलली नाही. अंतराळातली दृश्यं निम्मी करून चौकीतली, बंद खोलीतली दृश्यं वाढवता आली असती.

दुसरा निर्णय कथेची दोरी कुणाच्या हातात, हा. बाउचर यांनी वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मालिकांची पटकथा-संपादकी केली होती. स्वतःच्या मालिकेत मात्र ते काम दुसऱ्या व्यक्तीकडे गेलं आणि ते फक्त लेखक उरले. लेखक आणि निर्माता यांचं पटलं नाही, हे बाउचर पुढे उघडपणे सांगत आले. निर्मात्याच्या जागी बसून पाहिलं तर त्यालाही दोष देणं कठीण आहे. पटकथा-संपादक हा निर्मात्याचा हात असतो, लेखकाचा नाही. स्वतःच्या कल्पनेवर जीव असलेल्या माणसालाच ती खुर्ची दिली तर कात्री चालवणार कोण? ब्रिटिश पद्धतीत हे शहाणपणाचंच होतं. अमेरिकेत लेखकच मालिकेचा कर्ता असतो, ही रीत तेव्हा ब्रिटनमध्ये रुळलेली नव्हती.

तिसरा पर्याय चित्रणाचा: एकच चमू सगळे भाग करेल की दोन दिग्दर्शकांत वाटणी होईल? वेळापत्रक सांभाळायला वाटणी सोयीची, आणि तीच झाली. पण नव्या जगाची पहिली ओळख करून द्यायची असते तेव्हा तेच जग दोन डोळ्यांनी दिसलं की प्रेक्षक गोंधळतो. एक दिग्दर्शक वेगवान, कॅमेरा फिरता ठेवणारा. दुसऱ्याची रीत जुन्या वळणाची, शांत.

चौथा निर्णय वेळेचा. वाहिनी दुसरी, ऋतू उन्हाळा. ब्रिटनमध्ये जुलै-ऑगस्ट म्हणजे सुट्ट्या, लांबलेली संध्याकाळ, लोक घराबाहेर. तिथल्या वाहिन्या वजनदार मालिका शरद ऋतूसाठी राखून ठेवतात. उन्हाळ्यात टाकणं याचा अर्थ आतल्या लोकांना बरोबर समजतो.

प्रत्यक्षात काय झालं

दहा भाग ठरले होते. संपामुळे एक बुडाला, नऊ उरले. या नऊपैकी पहिले चार आणि शेवटचा बाउचर यांचा. मधले चार दुसऱ्या दोन लेखकांनी लिहिले.

माझ्या मते मालिका इथेच निसटली, आणि हे बारकाईने बघण्यासारखं आहे. तिसऱ्या भागात पाल केन्झी नावाची ऑस्ट्रेलियन अधिकारी येते. ती लाचखाऊ आहे म्हणून स्प्रिंग तिला काढून टाकतो. परतीच्या प्रवासात अपहरणाचा एक प्रयत्न ती हाणून पाडते, बातम्यांत झळकते, आणि आता तिला परत घेतलं नाही तर दलाचीच नाचक्की. स्प्रिंग दात-ओठ खात तिला परत घेतो. प्रमुखाला नको असलेली, भ्रष्ट असल्याचं त्याला पक्कं माहीत असलेली, तरीही लोकांच्या लेखी शूर असलेली सहकारी. खात्यातल्या राजकारणाचं इतकं नेमकं चित्र पोलिसी मालिकांतही क्वचित मिळतं. पुढे या नात्याला दर आठवड्याला पीळ पडत जायला हवा होता. मधल्या भागांत केन्झी तिखट बोलणारी सहकारी एवढीच उरते. लाचेचा विषय जवळजवळ विरून जातो. नव्या लेखकाला पात्राचा स्वभाव कळवता येतो. 'हिच्यावर कधीच विश्वास टाकायचा नाही' ही आतली खूण कळवायला कथेची दोरी धरणारा एक माणूस लागतो, आणि तो नव्हता.

पाचव्या भागाची सुरुवात झकास आहे. अणुकचरा चंद्रावरून अंतराळात भिरकावण्याची व्यवस्था, तिथला अपघात, संसर्गाची भीती. पाहणारा सरसावून बसतो. मग कथा खाली इटलीत उतरते आणि माफियाच्या ओळखीच्या गल्लीत शिरते. तिथे घडतं ते चंद्राशिवायही घडलं असतं. सहाव्यात जपानी औषध कंपनी, सातव्यात श्रीमंत अरब स्त्री आणि चोरीला गेलेले भ्रूण. आंतरराष्ट्रीय दल दाखवायचं म्हणून देशोदेशीची माणसं आणली खरी, पण इटालियन म्हणजे गुंड, जपानी म्हणजे कंपनी, अरब म्हणजे पैसा. पहिल्या भागातल्या 'सरासरीत लपलेल्या खुन्या'ची ऐट इथे औषधालाही सापडत नाही. तपासाच्या चमूतला डेव्हिस हा अधिकारीही असाच: खादाड, अघळपघळ, बायकांबद्दल वाह्यात बोलणारा. नटाने त्यात जीव ओतला आहे, पण त्याच्या तोंडची वाक्यं तेव्हाही शिळीच होती.

आठवा भाग मात्र माझ्या या तक्रारीला उलटं उत्तर देतो, तेही सांगायला हवं. चंद्रतळावर सुरक्षा तपासणी चालू असताना हवेचा दाब सुटतो आणि माणसं वेगवेगळ्या कप्प्यांत अडकून पडतात. दार उघडावं तर मरण, न उघडावं तर पलीकडच्याचं मरण. बाहेरच्या लेखकाला जागेचा उपयोग कळला होता, म्हणजे ते शिकवता येण्यासारखं होतं.

राहिलं शीर्षकगीत. मूडी ब्लूज या गटातल्या जस्टिन हेवर्ड यांचं संथ, हळवं गाणं. त्याच्या सुरांतून खुनाच्या तपासाची चाहूलही लागत नाही. बाउचर यांना ते आवडलं नव्हतं, आणि मालिकेचा विषय निघाला की आजही पहिली टीका त्यावरच होते. आपल्याकडे शीर्षकगीतावाचून मालिका म्हणजे तोरणावाचून दार, त्यामुळे मराठी कानाला हा राग जरा जास्त वाटतो. पण तक्रारीत तथ्य आहे. पहिल्या मिनिटात प्रेक्षक 'हे काय आहे' हेच ठरवत असतो, आणि गाणं त्याला सांगतं की ही एका एकाकी अंतराळवीराची प्रेमकथा असावी. त्यानंतर लगेच खिशातल्या यंत्राशी खेकसून बोलणारा स्प्रिंग समोर आला की धागा जुळायला वेळ लागतो. तरीही एका गाण्याने मालिका पडत नाही. सगळ्यांना एकमताने नावं ठेवता येतील अशी ती सोयीची जागा आहे, इतकंच.

परिणाम

प्रेक्षकसंख्या निराशाजनक राहिली. समीक्षकांचं मतही संमिश्र होतं, आणि वाहिनीने पुढचा हंगाम मागितला नाही. एका भागावर पाणी सोडावं लागलेलं, लेखक-निर्माता एकमेकांवर नाराज. भांडून ती वाचवेल असा आत कुणी नव्हता.

त्याच सप्टेंबरमध्ये अमेरिकेत 'स्टार ट्रेक' या अंतराळमालिकेचा नवा अवतार, 'द नेक्स्ट जनरेशन', सुरू झाला. सहा महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९८८ मध्ये, बीबीसीच्या त्याच दुसऱ्या वाहिनीवर 'रेड ड्वार्फ' ही अंतराळातली विनोदी मालिका आली आणि वर्षानुवर्षं चालली. वाहिनी तीच, नेपथ्य तितकंच काटकसरीचं. फरक असा की 'रेड ड्वार्फ' पहिल्या दृश्यापासून सांगते की मी विनोदी मालिका आहे. दोन लेखक होते आणि विनोदाची जात त्यांच्याच हातात होती. म्हणून बजेटची सबब मला अर्धीच पटते.

'स्टार कॉप्स'ला पुढे छोटा पण निष्ठावान चाहतावर्ग मिळाला. २०१८ मध्ये बिग फिनिश या कंपनीने ध्वनिनाट्याच्या रूपात तिचे नवे भाग काढले. त्यात कॉल्डर पुन्हा स्प्रिंग झाले. मूळ चमूतले आणखी कलाकारही परतले.

काय वेगळं करता आलं असतं

लेखकाला पटकथा-संपादक करा, असं म्हणणं सोपं आहे. मी तसं म्हणणार नाही. निर्मात्याचा विरोध रास्त होता, आणि बाउचर यांच्या स्वतःच्या भागांतही तोंडाळ संवाद आणि कुठे कुठे रेंगाळणारी गती आहेच. तिथे परक्या कात्रीची गरज होती. पण लेखकाला खुर्ची द्यायची नव्हती तर त्याच्याकडून निदान चार पानांचा जाहीरनामा लिहून घ्यायचा. या जगात कुठला गुन्हा चालेल, कुठला नाही? कसोटी एकच पुरली असती: अंतराळ काढून घेतलं तर गोष्ट उभी राहते का? राहत असेल तर ती परत पाठवायची. इटलीतला भाग या कसोटीवर दहाव्या मिनिटाला गळला असता, हवेच्या दाबाचा भाग मात्र दिमाखात पास झाला असता. मालिकेच्या भाषेत याला 'बायबल' म्हणतात आणि आज मुंबईतल्या कुठल्याही मालिकेच्या बैठकीत ते मागितलं जातं, मग पाळलं जात असो वा नसो.

दुसरी गोष्ट केन्झीची. नऊ भागांत सलग चालणारा एकच धागा हवा होता, आणि तो आयता मिळाला होता. दर आठवड्याला नवा खून आणि त्याखाली 'ही विकली गेली आहे का' हा न सुटणारा प्रश्न. त्यासाठी एक पैसाही लागला नसता. बाहेरच्या लेखकांना प्रत्येक भागात या दोघांचं एक दृश्य राखून ठेवायला सांगितलं असतं तरी भागलं असतं. शिवाय बुडालेल्या दहाव्या भागाची झळही कमी बसली असती, कारण शेवटच्या भागाकडे प्रेक्षक काहीतरी घेऊन आला असता.

दोन दिग्दर्शकांची वाटणी ठेवायचीच होती तर ती जागेप्रमाणे करता आली असती. एकाकडे चंद्रतळ, दुसऱ्याकडे स्थानकं आणि पृथ्वी. मग प्रकाश आणि कॅमेरा बदलला तरी प्रेक्षकाला जागा बदलली असं वाटलं असतं. चित्रणाच्या वेळापत्रकात हे बसवणं महाकठीण, याची कल्पना आहे. नट तेच, तारखा त्याच, आणि दोन्ही दिग्दर्शकांना आपापला अख्खा भाग हवा असणार.

उन्हाळ्यातल्या सोमवारबद्दल मात्र निर्मितीच्या बाजूने कुणाला फार काही करता आलं असतं असं वाटत नाही. वाहिनीने मालिका कुठे टाकली यावरून तिच्यावरचा विश्वास कळतो, आणि तो विश्वास चित्रीकरण पूर्ण होईपर्यंत आटलेला होता. तो आटू नये म्हणून पहिला भाग हातात आल्यावर, बाकीचे भाग चालू असतानाच, तो वरच्या मजल्यावर नेऊन दाखवणं एवढाच उपाय होता. तळ्यातला आणि पोकळीतला, दोन मृत्यूंचं ते सुरुवातीचं दृश्य तिथल्या दिवाणखान्यात लावलं असतं, गाणं वगळून, तर कदाचित ऑक्टोबरमधली एखादी रात्र मिळालीही असती.